हेरांचा पगार

कौटिल्याचे अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून लोकांपुढे ठेवले, तेव्हापासून आपल्याकडील विद्वानांचा एक वर्ग ते सप्तांग राज्याच्या कल्पनेसाठी वाचतो, दुसरा मंडलसिद्धांतासाठी वाचतो, आणि संख्येने सर्वांत मोठा असा तिसरा वर्ग ते मुळीच न वाचता व्याख्यानांतून त्याचा हवाला देतो. मी त्या ग्रंथात शिरलो तो केवळ हेरांच्या प्रकरणासाठी. कारण वय झाले म्हणजे राज्य करण्याची हौस फिटलेली किंवा मेलेली असली, तरी दुसऱ्याच्या घरात काय शिजते आहे हे जाणण्याची जिज्ञासा मनुष्याच्या ठायी अखेरपर्यंत शाबूत राहते, आणि तिला शास्त्राधार मिळत असेल तर तो कोणाला नको असतो? मंत्री, पुरोहित, सेनापती, युवराज अशा बड्या असामींच्या अंतर्गृहातील बित्तंबातमी राजाला कळावी म्हणून आत कोणाकोणाला पेरावे याची जी यादी आचार्यांनी तेथे दिली आहे, ती वाचताना त्यांच्या सूक्ष्म दृष्टीपुढे मान लवते. आचारी, स्नान घालणारा, अंग रगडणारा, अंथरूण घालणारा, न्हावी, वेषभूषा करणारा, पाणी देणारा, हे सगळे हेर. शिवाय मुका, बहिरा, आंधळा किंवा मठ्ठ असल्याचे सोंग घेऊन वावरणारे निराळे. या वर्गातील हेराला ५०० पण, आणि तापसी, व्यापारी, गृहस्थ अशा वेषांतील वरच्या दर्जाच्या हेराला १,००० पण, असे वेतनही त्यांनी बांधून दिले आहे. आणि एकट्यादुकट्याच्या बातमीवर न विसंबता तिघांचे म्हणणे एक पडेल तेव्हाच ते खरे मानावे, अशी सावधगिरीची ताकीदही दिली आहे.

हे वाचून पुस्तक मिटले आणि सहज घरात नजर फिरवली, तो त्या यादीतील जवळजवळ प्रत्येक असामी आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात हजर असल्याचे दिसून आले. अंग रगडणाऱ्याचे आणि अंथरूण घालणाऱ्याचे अशी दोन्ही पदे मनगटावरच्या घड्याळाने एकट्याने सांभाळली होती, कारण दिवसा ते नाडीचे ठोके मोजते आणि रात्री मला गाढ झोप किती लागली व वरवरची किती याचा रोजनामचा लिहिते. वेषभूषा करणाऱ्याच्या जागी मोबाईल होता. एकदा सदऱ्याची चौकशी केली की नको नको म्हणेपर्यंत तो सदऱ्यांचे गठ्ठे घेऊन डोळ्यांपुढे उभा असतो. पाणी देणाऱ्याची जागा तेवढी रिकामी होती. पण आमच्या पुण्यात महापालिका घरोघर दुरून वाचता येणारे जलमापक बसवीत असल्यामुळे तीही लवकरच भरली जाईल अशी आशा आहे. आणि मुक्याबहिऱ्याचे सोंग घेऊन कोपऱ्यात बसणाऱ्याच्या जागी तिवईवर, विणलेल्या रुमालाच्या मधोमध, तो वाटोळा बोलका डबा विराजमान झाला होता.

मात्र एका बाबतीत आम्ही मौर्यांच्या फार पुढे गेलो आहो. त्या काळी हेरांचा पगार सरकारी खजिन्यातून जात असे, आणि खजिना रिकामा असला की राजाला प्रजेवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. आता ज्याच्यावर पाळत ठेवायची तोच गृहस्थ हेराची किंमत बारा हप्त्यांत फेडतो, त्याला वीज पुरवतो, बातमी पाठवण्यासाठी इंटरनेटचा खर्च सोसतो, त्याच्यावर धूळ बसली तर पंचाने पुसतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो म्हातारा झाला, म्हणजे जुना हेर परत करून नव्या हेरावर सवलत मिळते काय याची दुकानात चौकशी करतो. ज्या पेढीसाठी हा सारा खटाटोप चालतो तिला पदरचा छदामही खर्च करावा लागत नाही. उलट हेर विकूनच ती नफा मिळवते. अशी तजवीज आचार्यांना सुचली असती तर मौर्यांचा खजिना अद्यापही भरलेला राहिला असता.

डबा आमच्या घरी आणला तो आमच्या चिरंजीवांनी, दिवाळीच्या पाडव्याला. सर्व दूतांप्रमाणे त्याचीही सनद त्यांनी प्रथम वाचून दाखवली: तो गाणी म्हणतो, हवामान सांगतो, दिवे लावतो आणि मालवतो, आणि मुख्य म्हणजे नाव घेऊन हाक मारल्याशिवाय कोणाचे काही ऐकत नाही.

“पण मग आपले नाव घेतले, हे त्याला कळते कसे?” मी विचारले.

चिरंजीव एका नामांकित कंपनीत याच विद्येवर पोट भरतात. त्यांनी क्षणभर डब्याकडे पाहिले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाले, “बाबा, ते तसंच असतं.”

“अरे, आपल्या जुन्या वाड्यातल्या गंगूमावशींचं असंच होतं की,” आमच्या सौभाग्यवती आतून म्हणाल्या. “आपलं नाव निघाल्याशिवाय त्यासुद्धा कधी मध्ये बोलायच्या नाहीत.”

न्यायबुद्धीने सांगायचे तर, स्वतःचे नाव ओळखण्याचे काम डबा आपल्या पोटातल्या पोटातच उरकतो आणि नाव ऐकू आल्यानंतरचे बोलणे तेवढे सातासमुद्रापलीकडच्या दप्तरात रवाना करतो, असा कंपन्यांचा जबाब आहे, आणि तो बव्हंशी खरा आहे. अडचण एवढीच की नाव ऐकू येणे आणि नाव ऐकू आल्यासारखे वाटणे यांत जे अंतर असते, ते माणसाप्रमाणे यंत्रालाही नेहमीच राखता येत नाही. २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ऑरेगन संस्थानात, पोर्टलंड शहरी, एक दांपत्य आपल्या घरात लाकडी तक्तपोशीविषयी बोलत बसले होते. थोड्या वेळाने सिअ‍ॅटलहून यजमानांच्या हाताखालील एका नोकराचा फोन आला, की तुमची ती सगळी यंत्रे आधी बंद करा, तुमचे घरातले बोलणे मला येऊन पोहोचले आहे. आणि खूण म्हणून त्याने तक्तपोशीचा विषयही सांगितला. यावर अ‍ॅमेझॉन कंपनीने जो खुलासा केला तो एखाद्या कसलेल्या फौजदाराच्या पंचनाम्याच्या तोडीचा आहे. बोलण्याच्या ओघात आपल्या नावासारखा एक शब्द आला असे डब्याला वाटले, म्हणून तो जागा झाला. पुढच्या बोलण्यात ‘निरोप पाठव’ असे त्याला ऐकू आले, म्हणून त्याने ‘कोणाला?’ असे मोठ्याने विचारले. त्यानंतरच्या बोलण्यात त्याला पत्त्यांच्या यादीतील एक नाव ऐकू आले, म्हणून त्याने ‘अमक्यालाच ना?’ अशी खातरजमा केली. आणि त्यानंतर कोणीतरी ‘बरोबर’ म्हणाले.

या खुलाशावर त्या वेळी पुष्कळ लोक हसले. मला मात्र तो अक्षरशः पटला. चार योगायोग एकापाठोपाठ जुळून येणे कठीण, हे मान्य. परंतु त्यांतला चौथा, म्हणजे घरातील चर्चेत कोणीतरी समोरचा काय म्हणतो आहे हे न ऐकताच ‘बरोबर’ म्हणणे, हा योगायोग नसून सुखी संसाराचा पाया आहे. मी स्वतः ‘बरोबर’ हा शब्द दिवसातून किती वेळा उच्चारतो याचा हिशोब त्या डब्याकडे असेल तर असो. मी कोणकोणत्या गोष्टींना त्या शब्दाने संमती देऊन बसलो आहे हे कळण्यासाठी तो मला स्वतःलाच एकदा पाहावा लागणार आहे.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ च्या जानेवारीत, टेक्सासमधील एका सहा वर्षांच्या मुलीने डब्याशी गप्पा मारता मारता बाहुलीचे घर आणि चार पौंड बिस्किटे मागवली होती. ही बातमी सान दिएगोच्या दूरचित्रवाणीवरून सांगताना वृत्तनिवेदकाने त्या मुलीचे वाक्य कौतुकाने उच्चारले, तेव्हा तेथील श्रोत्यांच्या घरचे डबेही बाहुलीची घरे मागवण्याच्या उद्योगाला लागले, अशा तक्रारी आल्या. घरच्या माणसाचा आवाज कोणता आणि परक्याचा कोणता हे ओळखण्याची बुद्धी दारावरच्या कुत्र्याला असते. परंतु कुत्र्याला कोणी स्मार्ट म्हणत नाही.

बोलणे दप्तरात पोहोचले म्हणजे ते यंत्रच ऐकते, कोणी मनुष्य थोडाच ऐकतो, असे समाधान आम्ही बरेच दिवस करून घेत होतो. २०१९ च्या एप्रिलमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने ते समाधानही हिरावून नेले. डब्याची समज वाढावी म्हणून निवडक ध्वनिमुद्रणे माणसांना ऐकवली जातात, ही माणसे बोस्टन, कोस्टारिका, रुमानिया आणि आपल्या हिंदुस्थानातही बसलेली आहेत, आणि त्यांतला एकेक जण एका पाळीत हजारापर्यंत तुकडे ऐकून त्यांचे टाचण करतो, असे तिने प्रसिद्ध केले. त्यानंतर कंपन्यांनी ‘आमचे बोलणे माणसांना ऐकवू नये’ असे सांगण्याची सोय केली खरी; परंतु माझे मन त्या हिंदुस्थानी कारकुनापाशी अडकले. बी.ए. झालेला, शिकवणी लावून इंग्रजी सुधारलेला असा कोणी तरुण कानाला यंत्र लावून बसला आहे, परदेशी नवरा-बायकोचे भांडण ऐकतो आहे, आणि नऊ तासांची पाळी संपवून घरी आल्यावर त्याची आई त्याला विचारते आहे, “माझं काही ऐकतोस की नाही?” त्याच्या कानांना देव शांती देवो.

केरसुणीची गोष्ट याहून नाजूक आहे, कारण तिच्याशी आपले नाते केवळ उपयुक्ततेचे नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतो, एरवी तिला पाय लागला तर नमस्कार करतो, आणि तिन्हीसांजा झाल्यावर तिला हात लावत नाही. आता तिची जागा घेण्यासाठी जी चकतीच्या आकाराची यांत्रिक केरसुणी आली आहे ती आपणहोऊन घरभर फिरते, पलंगाखाली शिरते, आणि फिरता फिरता घराचा नकाशा तयार करते: भिंत कोठे, खांब कोठे, कपाट कोठे, कोणत्या खोलीचे दार किती रुंद. सरकारी मोजणी करून घेण्याचा प्रसंग ज्याच्यावर आलेला आहे त्याला या गोष्टीचे मोल चटकन कळेल. अर्ज, मोजणी फी, पावती, तारीख, भूमापकाची रजा, पुन्हा तारीख, लगतच्या धारकांना नोटिसा, एवढ्या दिव्यातून गेल्यावर हातात जो नकाशा पडतो त्याच्यापेक्षा बारीकसारीक नकाशा ही केरसुणी आठवड्यातून तीनदा बिनबोभाट काढते. फरक इतकाच की सरकारी नकाशाची नक्कल अर्ज केल्यास आपल्याला मिळू शकते.

नकाशावर भागले असते तरी हरकत नव्हती. अडथळा म्हणजे काय हे केरसुणीला ओळखता यावे, म्हणजे पायमोजा, तारेचे भेंडोळे आणि कुत्र्याने करून ठेवलेला प्रताप यांतला भेद तिला कळावा, म्हणून तिला डोळा देण्यात आला. २०२२ च्या डिसेंबरात ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने छापले की रूम्बा जातीच्या अशा काही केरसुण्यांनी २०२० साली टिपलेली घरातली छायाचित्रे, वस्तू ओळखून त्यांना नावे देण्याचे काम करणाऱ्या व्हेनेझुएलातील लोकांपर्यंत पोहोचली आणि तेथून ती समाजमाध्यमांच्या गटांत जाऊन पडली; त्यांत शौचकूपावर बसलेल्या एका स्त्रीचेही छायाचित्र होते. ती यंत्रे बाजारातली नव्हती, चाचणीसाठी खास बनवलेली होती आणि ज्यांच्या घरी दिली होती त्यांनी लेखी संमती दिली होती, असे कंपनीचे उत्तर होते, आणि ते खोटे ठरवण्याचे कारण नाही. परंतु जमिनीपासून चार बोटे उंचीवर डोळा असलेली वस्तू घरात मोकळी सोडताना ती नेमके काय पाहील याचा विचार संमतिपत्रावर सही करणाऱ्या कोणालाच सुचला नसावा. लक्ष्मी चंचल असते हे आपल्याला माहीत होते; ती छायाचित्रे काढते हे नवीन आहे.

दूरचित्रवाणीच्या संचाविषयी फार लिहीत नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीच्या १ कोटी १० लाख संचांनी प्रेक्षक काय पाहतात याची सेकंदासेकंदाची नोंद मालकाकडे पाठवली म्हणून २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले, एवढे नमूद करून पुढे जातो. भागाकार करून पाहिला तर संचामागे वीस सेंट पडतात. ५०० पणांच्या मानाने हेरगिरी फारच स्वस्त झाली आहे.

खरी आचार्यांच्या तोडीची बुद्धिमत्ता मला विजेच्या मीटरमध्ये दिसते. तो बिचारा बोलत नाही, पाहत नाही, ऐकत नाही. जिन्याखाली किंवा दाराबाहेर कोळिष्टकांत लटकलेला असतो. परंतु १९८० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉर्ज हार्ट नावाच्या अभियंत्याने असे दाखवून दिले, की घराबाहेरच्या एका ठिकाणी विजेचा चढउतार बारकाईने मोजला तर आत कोणते उपकरण केव्हा सुरू झाले आणि केव्हा बंद पडले हे ओळखता येते, कारण फ्रिज, पंप, शेगडी या प्रत्येकाची वीज ओढण्याची ढब निराळी असते. नंतर १९८९ मध्ये त्याने स्वतःच एक लेख लिहून बजावले, की या युक्तीने लोकांच्या खासगी आयुष्यावर पाळत ठेवता येईल, सावध असा. आपल्या शोधाचे कौतुक संपण्याआधीच त्याच्या दुरुपयोगाविषयी टाहो फोडणारा शोधक विरळा; म्हणून त्याचे नाव येथे मुद्दाम दिले. आपल्या राज्यात २०२४ साली स्मार्ट मीटरविरुद्ध मोर्चे निघाले, सभा झाल्या, निवेदने दिली गेली, आणि सरकारला दोन पावले मागेही यावे लागले. पण त्या साऱ्या आंदोलनाचा रोख बिल वाढेल यावर होता. रात्री दोन वाजता उठून फराळाचे डबे धुंडाळण्यासाठी मी स्वयंपाकघरातला दिवा लावतो ही गोष्ट वीज कंपनीला कळेल, याविरुद्ध एकही घोषणा माझ्या कानी आली नाही. मराठी माणूस पैशाच्या बाबतीत जितकी गुप्तता बाळगतो तितकी इतर कोणत्याही बाबतीत बाळगत नाही, असे यावरून दिसते.

पाण्याचा मीटरही कमी नाही. २०१५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या आर्कान्सा संस्थानातील बेंटनव्हिल गावी एका घरात रात्री मृत्यू घडला आणि घरमालकावर खुनाचा आरोप आला, तेव्हा पोलिसांनी घरातल्या बोलक्या डब्याची नोंद मिळवण्यासाठी अ‍ॅमेझॉनकडे वॉरंट धाडले, ही गोष्ट त्या वेळी जगभर गाजली. तिच्याआड दडून राहिलेली गोष्ट अशी की पोलिसांनी पाण्याच्या स्मार्ट मीटरलाही साक्षीला बोलावले होते, आणि त्याने रात्री एक ते तीनच्या दरम्यान १४० गॅलन पाणी वापरले गेल्याचे सांगितले होते. पुढे २०१७ मध्ये सरकारने तो खटला मागे घेतला. मोबाईल, डबा आणि मीटर यांचे म्हणणे एक पडते काय हे पोलीस पाहत होते. आचार्यांचा त्रिसाक्षीचा नियम त्यांनी न वाचताच पाळला म्हणायचा.

घड्याळाविषयी मात्र मला राष्ट्रीय काळजी वाटते. सुरतेवर चालून जाण्यापूर्वी तेथली खडान्‌खडा माहिती काढण्यासाठी बहिर्जी नाइकांना वेषांतरे करून बाजारातून हिंडावे लागले, असे आपण वाचत आलो. २०१७ च्या नोव्हेंबरात स्ट्राव्हा नावाच्या कंपनीने, आपले ग्राहक जगात कोठे कोठे धावतात आणि चालतात, याचा एक प्रकाशमान नकाशा हौसेने प्रसिद्ध केला. पुढच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातील एका विशीतल्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की सिरिया आणि अफगाणिस्तानच्या ओसाड प्रदेशांत, जेथे सायंकाळी पाय मोकळे करण्यासाठी कोणीही जात नाही, तेथे लखलखीत वर्तुळे दिसताहेत. ती लष्करी ठाण्यांची होती. सैनिकांनी व्यायाम करताना घड्याळ बांधले होते. तळ गुप्त ठेवण्यावर झालेला सगळा खर्च, वजन कमी करण्याच्या हौसेपुढे फुकट गेला. त्या विद्यार्थ्याने वेषांतरही केले नव्हते.

इतके लिहून झाल्यावर कोणी विचारील, की अहो, तुम्ही वाड्यात वाढलेले लोक. तुम्हाला खासगीपणाचे एवढे कौतुक कधीपासून? आक्षेप रास्त आहे. वाड्यात कोणाच्या घरी पाहुणा आला, तो किती दिवस राहणार, त्याला वरण-भात केला की श्रीखंड, मुलगी दाखवली ती पसंत पडली की पत्रिकेचे निमित्त झाले, हे सर्व दुपारपर्यंत नळावर जाहीर झालेले असे, आणि भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्या घरातील उचकीला आमच्या घरातून पाणी सुचवले जाई. पण त्या व्यवहारात एक तह होता. आमच्याकडे बघणाऱ्या माणसाकडे आम्हालाही बघता येत असे. गंगूमावशींना आमच्या घरातले जितके ठाऊक होते तितकेच त्यांच्या घरातले आम्हाला ठाऊक होते, आणि या परस्पर दहशतीवर वाड्याची शांतता उभी होती. शिवाय मावशी विसरत. आजच्या भांडणाची हकीकत पुढच्या श्रावणापर्यंत अर्धी पुसट होऊन जाई. आणि अगदीच असह्य झाले, तर त्यांच्या दारात उभे राहून दोन शब्द सुनावता येत. डब्याचा मालक कोणत्या आळीत राहतो, त्याच्या घरी आज काय शिजले, त्याची मुलगी कोणाला पसंत पडली, यांतले काहीही मला माहीत नाही, आणि तो विसरतही नाही. गाऱ्हाणे घेऊन गेलो तर तेथे आणखी एक यंत्र माझ्याशी अतिशय गोड बोलते आणि माझे बोलणे गुणवत्तेच्या कारणास्तव ध्वनिमुद्रित होत असल्याचे सांगते.

सोसायट्यांच्या फाटकावर तर आता वर्दी देण्याची पद्धत पुन्हा सुरू झाली आहे. पूर्वी पाहुणा आला की रखवालदार एका जीर्ण वहीत नाव लिहून घेई, आणि त्या वहीत गेल्या कित्येक वर्षांत येऊन गेलेल्या निम्म्या पाहुण्यांचे नाव ‘पाटील’ व कामाचे स्वरूप ‘पर्सनल’ असे असल्यामुळे कोणाच्याही खासगीपणाला धक्का पोहोचत नसे. आता तो मोबाईलवर पाहुण्याचे छायाचित्र घेतो, फोन नंबर घेतो, वाहनाचा क्रमांक घेतो, आणि वर घरात आमची मंजुरी मागतो. सत्तरी ओलांडलेले माझे मेहुणे वर्दी मिळेपर्यंत उन्हात उभे होते. कामवाल्या बाई किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या याची हजेरीही तेथेच लागते. या नोंदीला त्यांची संमती घेतली होती काय, असे मी सोसायटीच्या सभेत विचारले, तेव्हा अध्यक्षांनी मला विषयपत्रिकेवरील लिफ्टच्या मुद्द्याकडे वळवले. समोरच्या बिऱ्हाडाने दारावर जो कॅमेरा लावला आहे त्याची नजर त्यांच्या दारावर कमी आणि आमच्या दारावर अधिक असते.

या सर्वांवर कायदा नाही असे मात्र कोणी समजू नये. वयाची ऐंशी उलटलेल्या निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांनी २०१२ साली अर्ज गुदरला, आणि त्यातून निघालेल्या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निवाडा दिला, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी, आणीबाणीत १९७६ साली ज्या बहुमताच्या निर्णयात त्यांचे वडील न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड सामील होते, तो चुकीचा ठरवला. मराठी घरात मुलगा वडिलांना चुकीचे ठरवतो यात नवल नाही; ते इतक्या अदबीने आणि इतक्या पृष्ठांत क्वचितच घडते. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, वैयक्तिक डिजिटल विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि आणखी दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्याचे नियम राजपत्रात आले. कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तो भारताच्या संचित निधीत जमा होतो, ज्याचे गुपित फुटले त्याच्या हाती त्यातले काही पडत नाही. उलट नागरिकाने खोटी किंवा क्षुल्लक तक्रार केली तर त्याला दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा अर्ज गुदरण्यापूर्वी आपला अपमान पुरेसा भारदस्त आहे काय हे प्रत्येकाने तपासून पाहावे. आणि एखादी व्यक्ती केवळ आपल्या घरगुती कारणासाठी माहिती गोळा करीत असेल तर तिला हा कायदा लागूच होत नाही. समोरच्या बिऱ्हाडाला ही तरतूद पाठ आहे.

तरीही या कायद्यातील एका कलमासाठी मी त्याच्या कर्त्यांना दुवा देतो. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला दिला पाहिजे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे, आणि मराठी त्या परिशिष्टात आहे. आजवर आपण ‘मला मान्य आहे’ या चौकोनावर बोट ठेवताना त्याच्या वरच्या मजकुराकडे, सत्यनारायणाच्या पूजेत संकल्पाकडे देतो तितकेही लक्ष दिलेले नाही, आणि तो इंग्रजीत होता ही सबब आपल्याला पुरत असे. आता ती सबब राहणार नाही. मराठी सूचना जन्माला येईल तेव्हा ती बहुधा अशी असेल की वाचणारा पुन्हा इंग्रजीकडे धाव घेईल. परंतु मागितल्यावाचून तीही येणार नाही. तेव्हा वाचकांना विनंती आहे, की डबा, घड्याळ, केरसुणी, जे काही यंत्र यापुढे घरात आणाल त्याच्या कंपनीकडे मराठी मजकूर मागावा, आणि तो वाचून समजला असे ज्या भाग्यवंताला वाटेल त्याने त्याची एक प्रत मला अवश्य पाठवावी. मात्र ती टपालाने पाठवावी, आणि पाकीट नीट चिकटवावे.